केनियातल्या मुलीची स्पॉन्सरशिप, आठ वर्षांनंतरचा रिव्ह्यू

बऱ्याच दिवसांपासून लिहीन लिहीन म्हणत होते. इथे इंग्लंडात स्लाउमध्ये गणपतीला, हळदीकुंकवाला कोणी ना कोणी विचारतंच, तुम्ही त्या आफ्रिकेतल्या मुलीला पैसे पाठवता ना, पोचतात का हो ते खरंच, आणि मी प्रसादाची प्लेट हातात धरून अर्धंमुर्धं काहीतरी सांगते आणि घरी आल्यावर वाटतं की मुख्य तेच सांगायचं राहिलं. म्हणून आज सगळं लिहून काढतेय. संस्थेचं नाव देत नाहीये, कारण माझ्या तक्रारीही आहेत आणि त्यातल्या बऱ्याचशा कमीजास्त सगळीकडेच ऐकू येतात, त्यामुळे हा रिव्ह्यू एका संस्थेचा नसून या प्रकाराचाच समजा. मुलीचं नाव पण लिहिणार नाही, गावही नुसतं ढोबळ सांगते, मुलांची माहिती नेटवर टाकायची नाही असा नियम आहे आणि तो मला शंभर टक्के पटतो.

आधी हिशोबाचं. 2017 च्या फेब्रुवारीपासून आम्ही केनियाच्या किलिफी काउंटीतल्या एका मुलीचे स्पॉन्सर आहोत. तेव्हा ती सात वर्षांची होती, दुसरीत, आमच्या लेकीच्याच वयाची. आता पंधरा पूर्ण झाली, हायस्कूलच्या दुसऱ्या वर्षाला आहे, तिकडे त्याला फॉर्म टू म्हणतात. महिना 25 पौंडांनी सुरू केलं, आता 30 जातात, डायरेक्ट डेबिट. तुम्ही इथे टॅक्स भरत असाल तर गिफ्ट एडच्या चौकटीत टिक करा म्हणजे तुमच्या प्रत्येक पौंडावर सरकार संस्थेला 25 पेन्स देतं, तुमच्या 30 चे साडेसदतीस होतात आणि तुमच्या खिशातून एक पेनी जास्त जात नाही, आमच्या ओळखीत एकांनी चार वर्षं ते टिक केलंच नव्हतं, कळल्यावर किती हळहळले.

मी यात का पडले ते सांगायला थोडं मागे जावं लागेल. रत्नागिरी जिल्ह्यात शाळेत होते तेव्हा आमच्या वर्गात बोर्डिंगमधला एक मुलगा होता, त्याला वर्षातून दोनदा जर्मनीहून पत्र यायचं. पाकिटावर तिकीट असायचं चकचकीत, आत बर्फाचं चित्र असलेलं कार्ड, आणि कोण्या बाईंनी इंग्रजीत लिहिलेल्या सातआठ ओळी. आम्हा सगळ्यांना त्याचा केवढा हेवा वाटायचा. उत्तर मात्र त्याला इंग्रजीत लिहावं लागायचं आणि माझं अक्षर बरं आणि इंग्रजी त्यातल्या त्यात बरं म्हणून तो मराठीत सांगायचा आणि मी इंग्रजीत उतरवून द्यायचे. एकदा त्याने सांगितलं, लिही की आमचा बैल मेला आणि बाबांनी या वर्षी दुसऱ्याचा बैल मागून पेरणी केली. मी लिहिलं. बोर्डिंगच्या सरांनी ते वाक्य खोडायला लावलं, म्हणाले असं रडगाणं पाठवू नये, त्यांना वाईट वाटतं. त्या जागी आम्ही लिहिलं की इकडे हवा छान आहे. तो काही बोलला नाही. पण ते खोडलेलं वाक्य माझ्या डोक्यात आजपर्यंत राहिलंय, आणि पाकिटाच्या या बाजूला आल्यावर मी ठरवलं होतं की मला हवा छान आहे असं पत्र नको, मला बैलाचं पत्र हवं.

(जर्मनीत किंडरनोटहिल्फे म्हणून संस्था आहे, 1959 साली निघाली तीच मुळी भारतातल्या मुलांसाठी. आणि इथल्या ॲक्शनएडची सुरुवात 1972 मध्ये झाली तेव्हा 88 लोकांनी 88 मुलांची जबाबदारी घेतली होती, ती मुलं भारतातली आणि केनियातली. म्हणजे किती वर्षं आपण त्या घेणाऱ्या बाजूला होतो बघा.)

आता तो प्रश्न, पैसे पोचतात का. पोचतात, पण तिच्या हातात नाही. बहुतेक लोकांचा इथेच गैरसमज होतो, त्यांना वाटतं 30 पौंड दर महिन्याला त्या पोरीच्या आईच्या फोनवर जमा होत असतील. तसं नसतं. आमच्या संस्थेत एका भागातल्या सगळ्या स्पॉन्सरचे पैसे एकत्र होतात आणि त्यातून त्या भागाची कामं होतात. आमच्या मुलीच्या शाळेत आठ वर्षांत काय झालं तर छपराचं पावसाचं पाणी साठवायला 10,000 लिटरची टाकी, मुलींसाठी वेगळे संडास, दोन वर्गांना बाकं, आणि गावातल्या बायांच्या बचत गटाला ट्रेनिंग. या बचत गटाला तिकडे चामा म्हणतात, चामा म्हणजे सरळ आपली भिशी, दर आठवड्याला जमायचं, पैसे टाकायचे, कोणाला गरज असेल तिने उचलायचे. मुलीची आई त्या चामामध्ये आहे आणि त्यातूनच पैसे उचलून तिने कोंबड्या घेतल्या. काही संस्था एकेका मुलावर जास्त थेट खर्च करतात, जेवण, तपासणी, शिकवणी, युनिफॉर्म. दोन्ही पद्धती चालतात, फक्त आपली कोणती ते पहिल्याच दिवशी विचारून घ्या म्हणजे नंतर फसवल्यासारखं वाटणार नाही. मला स्वतःला एकत्रवाली पद्धत आवडते, कारण एकाच बाकावर बसणाऱ्या दोन मुलींतल्या एकीला नवीन दप्तर आणि दुसरीला नाही हे मला बघवलं नसतं.

दुसरा हमखास प्रश्न, हे लोक धर्म बदलायला लावतात का. सरळ उत्तर, संस्था बघून घ्या. कम्पॅशन इंटरनॅशनल ही मोठी संस्था, 1952 पासूनची, ती उघडपणे स्थानिक चर्चमधूनच काम करते, लपवत नाहीत ते. त्यांचं भारतातलं काम परदेशी निधीच्या नियमांवरून 2017 मध्ये बंद झालं, तेव्हा सुमारे 1,45,000 मुलं त्यांच्या यादीत होती. प्लॅन इंटरनॅशनलसारख्या संस्था कुठल्याच धर्माच्या नाहीत, प्लॅन तर 1937 मध्ये स्पेनच्या यादवी युद्धात बेघर झालेल्या मुलांसाठी एका ब्रिटिश पत्रकाराने सुरू केलेली. आम्ही धर्माशी संबंध नसलेलीच संस्था निवडली. पण चर्चमधून चालणारी कामं म्हणजे वाईट असंही मला म्हणायचं नाही, लांबच्या गावात रोज उठून हजर राहणारं दुसरं कोणीच नसतं अशी परिस्थिती असते कधीकधी.

आता मला काय मिळालं ते. हे लिहायलाच खरं तर बसले होते.

पहिली दोन वर्षं प्रामाणिकपणे सांगते फारसं काही मिळालं नाही. वर्षातून एकदा फोटो, शाळेचा युनिफॉर्म घालून भिंतीला टेकून उभी, हात ताठ, चेहऱ्यावर काही नाही. दोन पत्रं, तिने स्वाहिलीत सांगितलेली आणि ऑफिसातल्या कोणीतरी इंग्रजीत केलेली. मी बरी आहे, माझा आवडता रंग निळा, मला फुटबॉल आवडतो. म्हणजे हवा छान आहे. मी पण तसंच उत्तर पाठवत होते, आम्ही बरे आहोत, इथे थंडी आहे. मग एकदा माझ्या लक्षात आलं की अगं तू विचारतेस काय तिला, कशी आहेस म्हटल्यावर कोण काय सांगणार. तेव्हापासून मी प्रश्न बदलले. सकाळी उठल्यावर घरात पहिलं कोण चूल पेटवतं? शाळेच्या वाटेवर कुठली झाडं आहेत? पाणी कुठून आणता, किती खेपा होतात? आणि पुढचं पत्र आलं ते दोन पानांचं होतं. वाटेवर आंबा, नारळ, काजू. घराचं छप्पर मकूटीचं, म्हणजे नारळाच्या झावळ्या विणून केलेलं. पाणी पिवळ्या वीस लिटरच्या कॅनमधून, तिच्या आईच्या दोन खेपा आणि तिची एक छोट्या कॅनची.

ते पत्र मी लांज्याला आईला व्हिडिओ कॉलवर वाचून दाखवलं आणि आई एकदम म्हणाली, अगं मग हे आपलंच की, आपला मांगर तरी काय वेगळा होता, झाप विणायला तुझे आजोबा बसायचे नाही का. आणि मग विचारलं, काजू कधी लागतो म्हणावं त्यांच्याकडे? तेव्हापासून आमच्या प्रत्येक पत्रात आईचा एक प्रश्न असतोच. आणि खरं सांगू का, आईची पंच्याहत्तरी उलटलीय, गुडघे गेलेत, बोलायला विषय उरत नाहीत म्हणायची, ती आता दर रविवारी पहिलं विचारते, किलिफीचं पत्र आलं का.

2019 च्या ऑगस्टमध्ये आम्ही भेटायला गेलो. हे संस्थेतर्फेच करावं लागतं, महिनोन्महिने आधी कळवायचं, पोलिसांच्या नोंदींची तपासणी होते तुमची, आणि भेटीत सतत संस्थेचं माणूस सोबत असतं. काही जणांना याचा राग येतो. मला नाही आला, उलट ज्या संस्था हे करत नाहीत त्यांच्यापासून लांब राहा असं मी म्हणेन, कुणीही परका उठून दहा वर्षांच्या पोरीच्या घरी जाऊ शकतो ही गोष्टच भयंकर आहे. मोम्बासाला उतरलो, दुसऱ्या दिवशी संस्थेच्या गाडीने कालोलेनीच्या बाजूला. रस्त्यावर नारळाच्या बागा, लाल माती, दुकानांच्या पाट्यांवर दुका लिहिलेलं. ड्रायव्हर दादा सांगत होते गाडीला गारी म्हणतात, साबणाला साबुनी, पुस्तकाला किताबू, हिशोबाला हेसाबू, विम्याला बिमा, आंब्याला एम्बे, आणि पेसा म्हणजे तर पैसाच, त्यांचं ते फोनवरून पैसे पाठवायचं एम-पेसा 2007 मध्ये आलं त्यातला पेसा तोच. आमची लेक वहीत लिहून घेत होती आणि प्रत्येक शब्दाला मराठीत पण हेच आहे, मराठीत पण हेच आहे असं ओरडत होती, स्लाउमध्ये जिला मराठीत उत्तर द्यायला दहा वेळा सांगावं लागायचं ती.

मुलगी मात्र बोलेना. आईच्या मागे उभी, आईने गुंडाळलेला लेसो, म्हणजे तिकडचं रंगीत सुती कापड, त्याचं टोक दोन बोटांत घट्ट धरलेलं. आम्ही आणलेल्या वह्या, रंगपेटी घेतली, वाकून काहीतरी म्हणाली, सोबतच्या ताईंनी सांगितलं ती शिकामू म्हणाली, मोठ्यांना असंच म्हणायचं असतं, मूळ अर्थ पाय धरते असा सांगतात, आणि त्याला मोठ्यांनी मराहाबा म्हणायचं. मला भरूनच आलं. पण त्यानंतर परत गप्प. अर्धा तास आम्ही सगळे एकमेकांकडे बघून हसतोय. मग तिची आई जेवणाच्या तयारीला उठली, अंगणात एक छोटं घडीचं लाकडी बसकण मांडलं, त्याच्या पुढे लोखंडी जीभ बाहेर आलेली, टोकाला दाते. मी बघतच राहिले. आपली खवणी! फक्त आपली विळीला असते, ही पाटावर. त्याला तिकडे म्बुझी म्हणतात, म्बुझी म्हणजे बकरी. मी सरळ जाऊन विचारलं, मी खवू का, आणि बसले, अर्धा नारळ घेतला आणि खवायला लागले. आधी कडेने, मग आत, करवंटीची काळी साल येऊ न देता, जसं आईने शिकवलंय तसं. तिच्या आईने कपाळाला हात लावला आणि हसत सुटली, आणि ती पोरगी पुढे आली, माझ्या समोर उकिडवी बसली, परातीतलं थोडं खोबरं उचलून तोंडात टाकलं आणि आईने हातावर चापट मारली. सगळ्या जगात आया त्याच कारणासाठी चापट मारतात. मग बोलायला लागली ती थांबेना, ताईंना भाषांतर करताना दम लागला.

जेवायला होता नारळाच्या दुधातला भात आणि म्बाझी, म्हणजे तुरीचे दाणे नारळाच्या दुधात शिजवलेले. तूर! मी नंतर घरी करून बघितली, कोथिंबीर आणि कांदा, मिरची बेताची, आमच्याकडे आता महिन्यातून एकदा होतेच.

मग 2020 आलं. केनियात मार्चमध्ये शाळा बंद झाल्या त्या तिच्या वर्गासाठी थेट जानेवारी 2021 ला उघडल्या, ती पाचवीत होती. इथे आमच्या लेकीचे ऑनलाइन तास चालू आणि तिकडे काहीच नाही, आणि शाळा बंद असल्या की गरीब घरातल्या मुलींचं काय होतं, लवकर लग्नं, लवकर बाळंतपणं, हे आपल्याला ऊसतोडीच्या भागातून चांगलं माहीत आहे, मला रात्री झोप लागायची नाही. सात महिने पत्र नाही. संस्थेला मेल केला तर छापील उत्तर, आमची टीम प्रयत्न करत आहे वगैरे. चौथ्या मेलनंतर एका बाईंनी स्वतः उत्तर लिहिलं की घर गाठलंय, मुलगी बरी आहे, संस्थेने घरोघर धान्य आणि साबण दिला, आणि ती धाकट्या भावाला पाढे शिकवतेय. ती एक ओळ, पाढे शिकवतेय, मी कितीदा वाचली असेन.

आणि लगेच दुष्काळ. आफ्रिकेच्या त्या सगळ्या पूर्व टोकाला 2020 च्या शेवटापासून लागोपाठ पाच पावसाळे फसले, तिकडे वर्षाला दोन असतात, एक मार्च ते मे आणि एक ऑक्टोबर ते डिसेंबर. 2022 च्या पत्रात तिने लिहिलं होतं, आता स्वतःच्या हाताने, इंग्रजीत, शाईच्या पेनाने, आमच्या चार शेळ्यांपैकी तीन मेल्या, राहिलेलीला मी आंब्याची पानं आणून घालते पण ती खात नाही. कोणी खोडलं नव्हतं ते. मी ते वाचलं आणि स्वयंपाकघरात ओट्याला धरून उभी राहिले, नवऱ्याने विचारलं काय झालं तर म्हटलं बैलाचं पत्र आलं. त्याला ती गोष्ट माहीत होती.

माझ्यासाठी या सगळ्यात मिळालेली सगळ्यात मोठी गोष्ट ही. तिने मला वाईट बातमी सांगितली. आपण वाईट बातमी कोणाला सांगतो, घरच्यांनाच ना. आईने त्या रविवारी विचारलं पाऊस पडला का तिकडे आणि मी नाही म्हटल्यावर देवापुढे दिवा लावताना किलिफीचं नाव घेतलं, मी कानांनी ऐकलंय.

2023 ला तिची आठवीची परीक्षा होती, केसीपीई, 500 मार्कांची, तिकडे ही परीक्षा 1985 पासून होती आणि या जुन्या पद्धतीची ती शेवटचीच बॅच. त्यावर हायस्कूल कुठलं मिळणार ते ठरायचं. आपल्या दहावीसारखं घर ताणाखाली. नोव्हेंबरात निकाल लागला, आम्हाला मेल यायला तीन आठवडे लागले, 287. पहिला नंबर वगैरे काही नाही, पण ती तिच्या घरातली हायस्कूलला जाणारी पहिली मुलगी. आईने लांज्यात आळीभर पेढे वाटले आणि कोणी विचारलं कोण पास झालं तर सांगितलं, आमची नात, लांब असते.

आता तक्रारी, त्या लिहिल्याच पाहिजेत.

एक म्हणजे ते वेबसाइटवर मुलं निवडायचं. देश, वय, मुलगा की मुलगी, फिल्टर लावायचे आणि फोटो सरकवत जायचं, मला ते तेव्हाही बरं वाटलं नव्हतं, आता तर बघवत नाही. माझं ऐका, कुठलाही फिल्टर लावू नका, ज्याला सगळ्यात जास्त दिवस स्पॉन्सर मिळालेला नाही ते मूल द्या असं सांगा, ते देतात. वर्ल्ड व्हिजनने 2019 पासून उलटं सुरू केलंय, स्पॉन्सरचे फोटो मुलांसमोर ठेवतात आणि मूल तुम्हाला निवडतं, ही कल्पना मला आवडली.

दुसरं, पत्र जायला दोन-अडीच महिने, यायला तेवढेच. त्यात तुम्ही वाढदिवसाचं कार्ड महिनाभर आधी पाठवून उपयोग नाही, मी तीन महिने आधी टाकते. सेलोटेप, स्टिकर, फोटो, बुकमार्क असलं पातळ चालतं, जाड पाकीट नाही, महागाचं तर नाहीच. आणि एका वर्षी आमचा वार्षिक रिपोर्ट आणि माझ्या मैत्रिणीचा रिपोर्ट, तिचा मुलगा वेगळ्याच गावचा, दोन्हीत चार वाक्यं शब्दाला शब्द सारखी होती. मी लेखी तक्रार केली. त्यांनी माफी मागितली, पुढच्या वर्षीचा रिपोर्ट बरा होता, पण विश्वासाला तडा जातो तो जातोच.

तिसरं सगळ्यात लागणारं. त्याच मैत्रिणीच्या मुलाचं कुटुंब कामासाठी दुसऱ्या शहरात गेलं, तर हिला एक पत्र आलं की तो आता आमच्या कार्यक्रमात नाही आणि त्याच पाकिटात दुसऱ्या मुलाचा फोटो, यांना स्पॉन्सर कराल का. सहा वर्षांचं नातं आणि निरोपाचं एक पत्र लिहायलाही वेळ दिला नाही. असं करू नये हो कोणी. ती दोन दिवस रडत होती. तुम्ही सुरू करणार असाल तर पहिल्या फोनवर हे विचारा, मूल मध्येच सोडून गेलं तर शेवटचं पत्र पोचवाल का.

उपयोग होतो का याचं नुसतं माझ्या अनुभवावरून बोलत नाही. ब्रूस वायडिक, पॉल ग्लूवी आणि लेन रटलेज या अर्थशास्त्रज्ञांनी 2013 मध्ये मोठा अभ्यास छापला, सहा देशांत, त्यात भारतही होता आणि केनियाही, लहानपणी कम्पॅशनच्या स्पॉन्सरशिपमध्ये असलेली माणसं आणि त्यांच्याच गावातली, घरातली नसलेली माणसं, मिळून 10,144 जणांची माहिती. स्पॉन्सर असलेली मुलं सरासरी एक ते दीड वर्ष जास्त शिकली होती आणि मोठेपणी त्यांना बऱ्या नोकऱ्या मिळण्याचं प्रमाणही जास्त. एक वर्ष म्हणजे काय असं कोणाला वाटेल. आमच्या गावात सातवी झालेली बाई आणि आठवी झालेली बाई यांच्यात काय फरक पडतो ते मी बघितलंय, एक अंगणवाडीत मदतनीस म्हणून लागली, दुसरी नाही लागू शकली. नंतर याच मंडळींपैकी काहींनी इंडोनेशियात जकार्ताच्या वस्त्यांमधल्या मुलांकडून स्वतःची चित्रं काढून घेतली आणि स्पॉन्सर असलेल्या मुलांच्या चित्रांत त्यांना जास्त आशा दिसली. हे वाचल्यावर मी आमच्या मुलीची सगळी चित्रं पलंगावर वयाप्रमाणे मांडली. सातव्या वर्षीच्या चित्रात ती कागदाच्या कोपऱ्यात अंगठ्याएवढी आहे. तेराव्या वर्षीच्या चित्रात मधोमध, हातात पुस्तक, आणि बाजूला शेळी.

कोणी घ्यावी ही सर्व्हिस? ज्यांना वर्षातून चार पत्रं लिहायची तयारी आहे त्यांनी जरूर. नसेल तर सरळ देणगी द्या, काही चुकत नाही त्यात, उलट पत्रव्यवहाराचा खर्च वाचतो आणि कामाला जास्त पैसा जातो. पण महिन्याचे 30 पौंड भरून कधीच एक ओळ न लिहिणं असं करू नका, तिकडे ते मूल वर्गात बसून बघत असतं की कोणाचं पत्र आलं आणि आपलं नाही. आम्ही गेलो होतो तेव्हा ताईंनी सांगितलं, त्या शाळेत अशी बरीच मुलं आहेत. तेव्हापासून मी आणि लेक त्यांच्यातल्या दोघांना पण कार्ड पाठवतो, संस्थेने परवानगी दिली.

रेटिंग द्यायचं तर कामाला 5 पैकी 4, कळवाकळवीला 5 पैकी 2, आणि मला जे मिळालं त्याला आकडा लावत नाही.

2028 ला ती अठराची होईल, मग नियमाप्रमाणे स्पॉन्सरशिप संपते आणि पत्रंही. त्याचा विचार मी अजून नीट करू शकलेले नाही. गेल्या आठवड्यात तिचं पत्र आलंय, केमिस्ट्री अवघड जाते म्हणतेय, लेकीचंही तेच चाललंय, दोघी एकमेकींना काय सांगणार आहेत कोण जाणे. धाकटा भाऊ आता सहावीत आहे. आणि शेवटी आजीला शिकामू, आणि आजीच्या प्रश्नाचं उत्तर, काजूला मोहोर आला आहे. आईला काल फोनवर वाचून दाखवलं तर म्हणाली, मराहाबा, औक्षवंत हो म्हणावं, आणि लिही, ढगाळ हवा असेल तर मोहोर जपा.